काचेच्या टाकीतली मधली फळी

हे माझ्या बायकोलासुद्धा माहीत नाही. रोज शेजारी बसून जेवतो आम्ही, सहा वर्षं झाली, आणि तिला माहीत नाही. मग तुम्हाला का सांगतोय? खरं सांगू — तुम्ही मला ओळखत नाही म्हणून. ओळखीच्या माणसासमोर माझी जीभ उचलत नाही.

परभणीत माझं काचेचं दुकान आहे. शोकेस, आरसे, खिडक्या आणि माशांच्या टाक्या. टाक्या जोडण्यात प्रभाकरचा हात धरणारा कोणी नाही असं लोक म्हणतात, आणि मी गप्प राहून ते ऐकून घेतो. माझ्याकडचा एखादा कारागीर डोक्याला तेल चोपडून आला आणि त्याच हातानं काचेला शिवला, तर मी चारचौघांत त्याचा पाणउतारा करतो. तेलकट जागेवर सिलिकॉन, म्हणजे काच चिकटवायचा डिंक, धरत नाही. धरल्यासारखं दिसतं, पंधरा दिवस धरतंही, मग कधीतरी सुटतं. हे मला कोणी शिकवायची गरज नाही. आधीच सांगून ठेवतो — म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बिचाऱ्याला माहीत नव्हतं.

दिगंबर माझा मित्र, जवळच्या झरी गावचा. घरात पिढ्यान्‌पिढ्या मेंढ्या-बकऱ्या. हा एकटाच त्यातून बाहेर पडला आणि दगडाच्या कामात शिरला. फरश्या, उंबरे, देवळांच्या पायऱ्या. शिकवलं कोणी नाही, बघून बघून शिकला. दगडावर बोटाच्या पेरानं टकटक करायचा, कान द्यायचा आणि म्हणायचा, "ह्यात चीर हाय." वरून काही दिसायचं नाही. फोडला की चीर निघायचीच. मला त्याचा हेवा वाटायचा का? वाटायचा. तेही आता कशाला लपवू?

शहरातल्या एका डॉक्टरांना घरात समुद्र हवा होता. जगात जर्मनी अन् भारतात परभणी — आम्ही कशाला नाही म्हणतो! साडेपाच फुटांची टाकी, विकतचं मीठ कालवलेलं पाणी, त्यात रंगीत मासे आणि जिवंत पोवळी. पोवळ्यांना उजेड लागतो, कोणाला जास्त, कोणाला कमी. म्हणून टाकीच्या मागच्या भिंतीवर वर-खाली दगडी फळ्या बसवायच्या आणि त्यांवर पोवळी ठेवायची. मागची भिंत म्हणजे जाड काळी काच. दगड दिगंबरनं घडवायचे, भिंतीला चिकटवायचे मी, असं ठरलं. आमच्या भागात असलं काम कोणी केलेलं नव्हतं. आम्ही दोघंही मोबाईलवर बघून बघून तयार झालो.

दगड मुंबईहून आला, सगळा भोकाभोकांचा. दिगंबर त्याच्या प्रेमातच पडला. एकेका फळीची पाठ घासून त्यानं अशी सपाट केली की काचेला लावली तर मधून कागद जाऊ नये. मधली फळी सगळ्यात मोठी, हातभर लांब. ती बघून तो म्हणाला, "हिला खालून टेकू देऊ, प्रभ्या. आसं लोंबकळत्यालं मला न्हाई पटत." डॉक्टरांना फळ्या अधांतरी दिसायला हव्या होत्या. मी म्हणालो, तू दगडाचं बघ, चिकटवायचं मी बघतो. तो हसला आणि पुढच्या दगडाकडे वळला. चिकटवण्यातलं मला कळतं, असा त्याचा विश्वास होता.

आता ते सांगायला हवं.

माझे वडील सुतार होते. कुठलंही नवं काम सुरू करायच्या आधी ते तेलात शेंदूर कालवून त्या वस्तूवर पाच बोटं उमटवायचे. तीच सवय मला. शोकेसला मी ती आतल्या बाजूला, लाकडाखाली झाकली जातील अशी उमटवतो. गिऱ्हाइकाला डाग दिसत नाही आणि देवाला दिसतो. डॉक्टरांच्या टाकीची भिंत मी तीनदा स्पिरिटनं पुसली. पुसून झाल्यावर नारळ फोडला, उदबत्ती लावली आणि शेंदराची पाच बोटं उमटवली. कुठे? काळ्या भिंतीवर लाल डाग डॉक्टरांना चालला नसता. म्हणून मधल्या फळीखाली झाकला जाईल, बरोबर त्या जागी.

टिळ्याएवढा शेंदूर ठेवून बाकी पुसून टाकू, असं ठरवून मी फडकं हातात घेतलंही होतं. पण काम सुरू व्हायच्या आधीच देवाची बोटं पुसायची? मन धजेना. मी फडकं खाली ठेवलं. भोवतीनं सिलिकॉन जरा जास्त भरू, म्हणजे धरेल, असं मनाशी म्हणालो. धरणार नाही हे मला त्याच क्षणी माहीत होतं. तुम्ही म्हणाल, श्रद्धा होती. असेल. पण त्या श्रद्धेवर टांगलेल्या फळीखाली हात घालणारा मी नव्हतो, दुसरा होता.

आठवडाभर टाकी वाळवली, मग पाणी भरलं. फळ्या ठाम बसल्या होत्या. डॉक्टरांच्या आईंनी आम्हा दोघांना जेवायला वाढलं, पुरणपोळी. पाणी भरून नऊ दिवस झाले तेव्हा डॉक्टरांचा फोन आला — तळाचा एक दगड जरा फिरवून हवा होता. दिगंबर स्टुलावर चढला, उजवा हात खांद्यापर्यंत पाण्यात घातला. मी टाकीच्या बाजूला मोटारीचा पाइप बघत होतो. मधली फळी सुटली. पाण्यात दगड सावकाश पडतो म्हणतात, पण ती भिंतीवरून पुढे उलटली आणि तिची कड समोरच्या काचेवर बसली. काच गेली. पाणी आणि काच एकदमच बाहेर आली, आणि दिगंबरचा हात मध्ये होता.

मनगटातल्या, बोटं मिटवणाऱ्या शिरा तुटल्या. नांदेडला नेलं, शिवलं. हात राहिला. अंगठा आणि दोन बोटं मात्र पुन्हा मिटली नाहीत.

दवाखान्याच्या व्हरांड्यात त्याच्या बायकोनं मला विचारलं, "कसं झालं वो भावजी?" ती रडत नव्हती, नुसतं विचारत होती. मी काय म्हणालो? म्हणालो — "फळीवर त्याचा हात टेकला, वहिनी. सगळा भार पडला." वाक्य किती सहज आलं! जणू आधीच तयार होतं.

दुसऱ्या दिवशी टाकीवाल्या डॉक्टरांच्या घरी फुटलेल्या काचा गोळा करायला मी एकटाच गेलो. ती फळी फरशीवर पडलेली होती. तिच्या पाठीवर सिलिकॉनचा थर तसाच होता, आणि त्या थरावर, गुळगुळीत, लालसर, माझी पाचही बोटं. मी पात्यानं ती खरवडून काढली. भिंतीवरचीही पुसली, स्पिरिटनं, तीनदा. इतकं मन लावून मी ती भिंत कामाच्या दिवशीही पुसली नव्हती.

हे एवढंच असतं तर कदाचित मी ते पोटात ठेवून मेलो असतो. पण दिगंबरनं माझं वाक्य खरं मानलं. हात टेकल्याचं त्याला आठवत नव्हतं, तरी मानलं. प्रभ्या कशाला खोटं बोलंल? टाके निघाल्यावर तो दुकानात आला आणि माझीच माफी मागायला लागला. "माज्यामुळं तुजं नाव खराब झालं," म्हणाला. मी त्याला चहा पाजला.

मग त्यानं दगडाचं काम सोडलं. हातामुळे सोडावं लागलं, असं लोक समजतात. तसं नाही. डाव्या हातानंही तो पुष्कळ करू शकला असता, माणसं हाताशी घेऊन करवून घेऊ शकला असता. त्याचा स्वतःवरचा भरवसाच गेला. आता भावाबरोबर बकऱ्या वळतो. एकदा त्याच्या घरी नवा उंबरा बसवायचा होता, तर त्यानं गवंडी बोलावला आणि स्वतः लांब जाऊन उभा राहिला. मी बघितलं. दगडाला त्यानं बोट लावलं नाही.

गेल्या महिन्यात तो दुकानात आला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा. बोरीकडच्या एका गावात देऊळ बांधायलेत, तिथल्या लोकांनी त्याला मेस्त्री म्हणून बोलावलं होतं. हातोडा धरायचा नाही. फक्त उभं राहायचं, दगड पारखायचा, माणसांना सांगायचं. आणखी कोणाकडून नाही, त्याच्याचकडून त्यांना ते हवं होतं. बोलताना त्यानं माझ्या काउंटरवर ठेवलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर डाव्या हाताच्या पेरानं टकटक केली. सहा वर्षांत पहिल्यांदा. मग एकदम हात मागे घेतला.

"जावं वाटायलंय," तो म्हणाला. "पर भ्या वाटतंय. त्या टाईमाला माजा अंदाज चुकला. देवळाखाली लेकरंबाळं येतेत. पुन्यांदा चुकला तर? तू हुतास तितं, तू बघितलंस. तूच सांग, जाऊ का?"

तुझा अंदाज कधीच चुकला नव्हता. टेकू द्यायला तूच सांगितलं होतंस. — एवढंच म्हणायचं होतं. दुकानात तिसरं कोणी नव्हतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि मला एकच दिसत होतं: हा तिथे गेला, ह्याचे दगड नीट बसले, तर एक दिवस हा विचार करायला लागेल. माझं चुकलं नव्हतं तर कोणाचं चुकलं, असा.

मी म्हणालो, "नको जाऊस, दिगंबर."

त्यानं मान हलवली. "मला बी तसंच वाटलं हुतं," म्हणाला, आणि बस गाठायला निघून गेला.