चिनी भूत आणि नानांचा दम

नानांची छाती पहिल्यांदा तपासली ती एका चिनी भुताने. डॉक्टरांचा नंबर नंतरचा. हे मी सांगितलं की लोक असे बघतात, जणू मलाच कुठेतरी दाखवायला न्यायला हवं. बघोत बापडे.

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, जळगावात एका जिनिंगमध्ये कामाला होते. कापसातली सरकी काढायची, रुईच्या गठाणी बांधायच्या. हंगामात घरी यायचे ते भुवया-मिशा पांढऱ्या करूनच. खोकला होता, पण 'घशात रुईचा कण गेला' एवढ्यावर त्यांनी तो वर्षानुवर्षं निभावून नेला. घरात कोणी डॉक्टरचं नाव काढलं की ते चपला घालून बाहेर पडत.

सिनेमाचाही तसाच तिटकारा. पण त्या वर्षी आखाजीला, म्हणजे आमच्याकडच्या अक्षय्य तृतीयेला, ताई माहेरी आली, आणि जावई पाचोऱ्याहून आले ते बगलेत भाड्याचा व्हीसीआर घेऊनच. कॅसेट पौराणिक असेल, निदान रडकी कौटुंबिक तरी असेल, अशी आईची समजूत. निघालं काय, तर चिनी भुताचं! तेही मारामारीचं, आणि वर विनोदी. अहो, कोणी सांगितला होता हा उपद्व्याप? पण जावयांनी आणलेलं, त्यात आखाजीचा सण. सासऱ्याला नाक मुरडायची सोय नव्हती. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी गळ्यापर्यंत झाल्यावर नाना भर दुपारी टीव्हीसमोर मांडी घालून बसले, सत्यनारायणाला बसावं तसे.

भूत तरी कसं? अंगात दरबारी थाटाचा निळा झगा, हात समोर ताठ, आणि दोन्ही पाय जुळवून टुणटुण उड्या. गुरूने येऊन त्याच्या कपाळाला मंत्राचा पिवळा कागद चिकटवला की ते जागच्या जागी खांब. कागद उडाला की पुन्हा टुणटुण. मग चेले कोलांट्या मारमारून त्याला बुकलायचे, आणि भूत ढिम्म.

"त्यापेक्षा आपली भुतं बरी," आई म्हणाली. "पाय उलटे असतील, पण चालतात तरी धड."

"बठ्ठा येडा शेतस," नाना अहिराणीत पुटपुटले. सगळेच वेडे, असा त्यांचा निकाल.

मला मात्र ते फार म्हणजे फारच आवडलं. अंगावर काटा यायचा आणि तो खाली बसायच्या आत हसू फुटायचं. सज्जन सिनेमांत ही चैन कुठली?

मग जावयांनी नियम सांगितला. त्यांनी सिनेमा आधी एकदा पाहिलेला, त्यामुळे ते या विषयातले अधिकारी. "नाना, या भुताला दिसत नाही. ते श्वासावरून माणूस ओळखतं. ते जवळ आलं की आपणही दम धरायचा. जो आधी सोडेल त्याला भुताने धरलं."

जावयाचा शब्द! सगळ्यांनी गाल फुगवले. नानांनीही फुगवले. भूत एका चेल्याच्या नाकाशी येतंय न येतंय तोच नाना फुटले. खोकला, डोळ्यांत पाणी.

"नाना मेले! नाना मेले!" मी टाळ्या पिटल्या. सणासुदीला काय बोलावं याचं भान मला कधीच नव्हतं.

आता सासऱ्यांची बूज राखायला हवी, असं जावयांना वाटलं. त्यांनी कॅसेट मागे घेतली. "नाना, पुन्हा एकदा." भूत पुन्हा आलं, नाना पुन्हा फुटले, आधीपेक्षाही लवकर. जावयांनी अदबीने आणखी एकदा मागे घेतली. या खेपेला कोणी हसलं नाही. नानांचे ओठ निळसर झाले होते आणि ताई त्यांची पाठ चोळत होती. जावयांनी गडबडीत भलतंच बटण दाबलं, आणि भूत टीव्हीवर थरथरत उभं राहिलं.

आई भुताकडे बघतच नव्हती. ती नानांच्या छातीकडे बघत होती.

"रुईचा कण का?" ती म्हणाली. "उद्या डॉक्टरकडे जायचं."

जावयांसमोर चपला घालून निघून जाणं नानांना शक्य नव्हतं.

दुसऱ्या दिवशी एक्स-रेच्या खोलीतून आवाज आला, "श्वास घ्या, रोखून धरा," आणि आत नानांना हसू फुटलं. पुन्हा सांगितलं, पुन्हा फुटलं. "बाबा, सिनेमा चाललाय का इथं?" तो माणूस खेकसला. बाहेर बाकावर जावई मान खाली घालून बसलेले, जणू नानांच्या छातीत भूत त्यांनीच घातलं होतं. त्यानंतर "रोखा" ऐकू आलं तेव्हा दाराबाहेर आईने आणि मीही दम धरला होता.

छातीत जे बसलं होतं ते निघण्यातलं नव्हतं. डॉक्टरांनी जिनिंग सोडायला सांगितलं आणि नानांनी चक्क ऐकलं. एका कापड दुकानात गादीवर बसू लागले.

नवल म्हणजे पुढच्या आखाजीला नाना स्वतःच म्हणाले, "तो टुणटुण्या आणा." मग दर आखाजीला टुणटुण्या, आणि दर आखाजीला दम धरणं आलंच. कोणी न ठरवता एक रीत पडली: नानांच्या आधी सगळ्यांनी फुटायचं. जावई तर पहिल्या उडीलाच "मेलो, मेलो" करत आडवे व्हायचे. पाठोपाठ ताई, मग मी. इतकं ढोबळ नाटक त्या चिन्यांनाही जमलं नसतं. "बठ्ठा कच्चा शेतस!" नाना खूश होऊन म्हणायचे. तेवढं बोलतानाही त्यांना धाप लागायची, आणि मला रडू यायचं.

शेवटच्या आखाजीला ते खाटेवर उशांना टेकून बघत होते. आई शेजारी बसली होती. कॅसेट नुकतीच लागली होती. टीव्हीवर नुसतं गुरूचं अंगण आणि त्यात एक कोंबडी. तेवढ्यात आईने भसकन दम सोडला.

"मेले बाई मी," ती म्हणाली.

तिच्याकडे बघायचं आमचं कोणाचं धाडस झालं नाही. नानांनी हळूच तिचा हात हातात घेतला.

"इतकी काय घाई शे तुले?" ते म्हणाले. "भूत अजून येवानं शे."