ताटावर आडवा हात

वरणभातावर तूप वाढायला मी चमचा पुढे केला आणि ह्यांनी ताटावर आडवा हात धरला, पंगतीत नको म्हणायला धरतात तसा.

"अहो, साखरेच्या डॉक्टरीणबाईच म्हणाल्या, चमचाभर चालेल. भात निम्मा करा म्हणाल्या."

"आणि हृदयाच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं?"

ते मला पाठ आहे. ह्यांना स्टेंट घातला तेव्हा तूप बंद झालं आणि करडईचं तेल घरात आलं. बारा वर्षं सणालासुद्धा मी नैवेद्याच्या पानावर तूप वाढून ह्यांचं ताट टाळून पुढे जायचे. आता शेजारच्या काकू खोबरेल प्या म्हणतात, जावई घाण्याचं तेल आणतो. प्रत्येकाचा आवाज इतका ठाम असतो की मला त्या ठामपणाचाच संशय येतो. ज्याला खरं ठाऊक आहे, तो थोडा तरी चाचरेल ना?

मधल्या काळात ह्यांना मधुमेह झाला. कोरडा भात घशाखाली उतरत नाही म्हणून मी वरण सढळ घालायचे आणि तूप नाही निदान पोट तरी भरू दे म्हणून भाताची एक मूद जास्त वाढायचे. त्या मुदीबद्दल मी कुठल्याच डॉक्टरांना विचारलेलं नाही.

चमचा कलला. तुपाचा थेंब ह्यांच्या हातावर पडला. त्यांनी तो जिभेने टिपला, क्षणभर डोळे मिटले आणि हात बाजूला घेतला. मग निम्म्या भाताकडे बघत हळूच विचारलं,

"मग इतकी वर्षं ती जास्तीची मूद कुणाच्या सांगण्यावरून वाढत होतीस?"