जुन्या घटक चाचणीची फाइल

आमच्या घरात लॅपटॉप एकच, आणि तो सगळ्यांचा. घेतला होता माझ्या ट्यूशनसाठी. राजापेठेतल्या घराच्या पुढच्या खोलीत मी आठवी-नववीच्या मुलांना गणित शिकवते, त्यांचे पेपर टाइप करायला. पण मुलीचे बारावीचे व्हिडिओ त्यावर, नवऱ्याचे कसले कसले ऑनलाइन फॉर्म त्यावर, आणि सासऱ्यांना लकवा मारल्यावर आम्ही त्यांना तेल्हाऱ्याहून इकडे आणलं, तेव्हापासून त्यांचं वर्तमानपत्रही त्यावरच. त्यांचा उजवा हात गेलेला. एका हातानं पेपर धरता येईना, पानं घसरून खाली पडायची. मग मुलीनं त्यांना डाव्या हातानं माउस चालवायला शिकवलं. कॉलेजला जायच्या आधी ती पेपर डाउनलोड करून ठेवायची आणि मामाजी, म्हणजे माझे सासरे, अकरापर्यंत एकेक पान वाचत बसायचे.

मी त्यावर लिहायला लागले ते मामाजी येऊन पाच-सहा महिने झाल्यावर. त्यांचं अंग पुसून, चादर बदलून, जेवण देऊन झालं की दुपारी तासभर मला मिळायचा. आडवं पडलं तरी डोळा लागायचा नाही. मग जे कुणाजवळ बोलता येत नव्हतं ते टाइप करायचे. कुणाला दाखवावं असं त्यात काही नव्हतं.

ते लपवायचं कुठं, हाच प्रश्न. आधी फाइलला पासवर्ड टाकला. कुणाला सापडायला नको म्हणून तो कागदावर लिहिला नाही, आणि दिवाळीत आठ दिवस अकोल्याला माहेरी राहून आले तर डोक्यातून साफ गेला. मुलीची जन्मतारीख, जुना फोन नंबर, सगळं टाकून पाहिलं. चौकातला कॉम्प्युटरवाला म्हणाला, "मॅडम, हे नाही उघडत. महत्त्वाचं होतं का काही?"

"नाही. मुलांचे पेपर होते," मी म्हटलं.

मग लॅपटॉपवर माझं वेगळं खातं केलं. दुसऱ्याच दिवशी नवऱ्याच्या लक्षात आलं. "हे तुह्यं येगळं काहून? घरात काय चोर हायत का?" तो रागावला नव्हता. नांदगाव पेठेच्या कापडाच्या कंपनीत बारा तास उभा राहून आलेला माणूस, त्याला खरंच कळत नव्हतं. मुलगी मात्र माझ्याकडे निरखून पाहत राहिली. इतक्या जणांना उत्तरं द्यायची ताकद माझ्यात नव्हती. खातं काढून टाकलं.

शेवटी जुन्या पेपरांच्या फोल्डरमध्ये एक फाइल केली आणि तिला 'नववी घटक चाचणी जुनी' असं नाव दिलं. घरात गणिताचा पेपर कोण उघडून बघणार? सहा महिने कुणी बघितला नाही.

उन्हाळ्यात मामाजींनी पाणी प्यायचं सोडलं. चहा पुढे केला की मान फिरवायचे. पाण्याचा ग्लास ओठाला लावला की एक घोट घेऊन "बस" म्हणायचे. मला वाटलं, उन्हामुळं तोंडाची चव गेली असेल. चार दिवसांनी ताप आला. डॉक्टर म्हणाले, लघवीला इन्फेक्शन आहे, पाणी फार कमी पडतंय. घरी आल्यावर मी त्यांच्यावर ओरडले. "मामाजी, तुम्ही असं केलं तर मी कुठं कुठं पुरू?"

ताप उतरला तसे ते पुन्हा पेपर वाचायला बसायला लागले. एके दिवशी दुपारी मी लॅपटॉप उघडला, तर समोर माझीच फाइल. मी ती रोज बंद करायचे. वर्तमानपत्राच्या फाइली जिथं दिसतात, तिथंच खाली शेवटच्या उघडलेल्या फाइलींची यादी येते, हे माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. पान मधेच थांबलेलं होतं. त्यावर मी लिहिलं होतं, 'आज चौथ्यांदा चादर बदलली. आता सुटका व्हावी. त्यांची की माझी, ते लिहवत नाही.'

मी उठून त्यांच्या पलंगाजवळ गेले. ते जागे होते.

"मामाजी, तुम्ही वाचलं?"

त्यांनी डाव्या हातानं चादरीची कड सरळ केली. मग त्यांच्या त्या जड जिभेनं म्हणाले, "तापाच्या आधीपासून थोडं थोडं वाचून राहिलो. अख्खं नाई वाचता आलं. डोये दुखते."

"म्हणून पाणी सोडलं का?"

"चादर कमी लागते नं."

मला रडू आलं नाही. रडायलाही अंगात काही लागतं. मी पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हटलं, "मी तसं लिहायला नको होतं."

"काहून? जेवढं वाचलं तेवढं खरं हाय," ते म्हणाले. "पन बाई, त्याले कुलूप लाव. पोरगा वाचन तं त्याले तुह्यं दुखनं नाई दिसनार, बापाबद्दल लिवलं तेवढंच दिसन. आन् मलेही नको सांगू काय टाकलं ते."

मी पाणी आणलं. ते ग्लासभर प्यायले. तेव्हा पासवर्ड टाकला, आणि या वेळी डब्यांच्या मागे, फळीवरच्या कागदाखाली लिहून ठेवला.

त्या रविवारी जेवताना मामाजी नवऱ्याला म्हणाले, "उद्यापासून सकायचं अंग पुसनं तू करत जाय. मले सुनेची लाज वाटते."

नवरा घास हातात धरून थांबला. "दीड वर्ष नाई वाटली लाज?"

"आता वाटून राहिली," मामाजी म्हणाले आणि माझ्याकडे न बघता डाव्या हातानं वरण-भात कालवत राहिले.

नवऱ्यानं कुरकुर केली, मोठ्या भावाला तेल्हाऱ्याला फोन करून तक्रारही केली. पण सोमवारी ड्यूटीला जायच्या आधी तो बादली घेऊन गेला. बादली कलंडली. टॉवेल कुठं, पावडर कुठं, अशा दोन हाका आल्या. बाप-लेक एकमेकांवर चिडत होते, पाणी दारापर्यंत वाहत आलं होतं. मी सगळं ऐकत अंथरुणात पडून राहिले. तिसऱ्या हाकेला मी कूस बदलली. आणि मग सकाळची बॅच यायच्या वेळेपर्यंत झोपले.