डाव्या कानामागचा चौथा रंग

आधीच सांगते, मी अशा गूढ अनुभवांच्या सदरांची वाचक नाही. उलट ही सदरं बंद करा, असं पत्र मी एकदा संपादकांना पाठवलं होतं. भूत, करणी, अंगात येणं... यांच्याविरुद्धच्या पत्रकांच्या घड्या घालत मी लहानाची मोठी झाले. पप्पा लिहायचे, आई चुका काढायची, आणि मी बुरहानपूरच्या राजपुऱ्यात दारोदार वाटायची. तेव्हा पुढचं वाचून कोणी हात जोडणार असेल, तर कृपया पान उलटा. मला उत्तर हवंय.

माझी मावसबहीण योगिता, तिचं यंदा लग्न ठरलं. ती चालायला लागली तोच तिची आई, माझी शोभामावशी, तापाने गेली. योगिता धूलकोटला काकांकडे वाढली. आईचा तिच्याकडे एकच फोटो, कुणाच्या तरी साखरपुड्यातला : मागची रांग, डोक्यावर पदर, चेहरा नखाएवढा. मोबाइलवर एआयकडून तिने तो मोठा करून घेतला होता. पण त्यातून जी बाई निघाली ती सिरियलमधली वाटत होती.

"ताई, मला माझी आई पाहिजे," ती म्हणाली. "पदराशिवाय. केस दिसले पाहिजेत. माझे केस कुणावर गेले, ते मला कुणीच सांगत नाही."

मी पिक्सेल आर्ट करते. म्हणजे कॉम्प्युटरवर बारीक चौकोन एकेक करून रंगवायचे, आणि त्यांतून चेहरा उभा करायचा. मी एक नियम घातला : फोटोत नाही किंवा माझ्या आईने सांगितलं नाही, असं काहीही या चेहऱ्यात घालायचं नाही. माय नसलेल्या मुलीला खोटी माय द्यायची नाही. केसांबद्दल आईला विचारलं. ती मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, कमरेपर्यंत होते, सरळ, मऊ.

पहिलं चित्र मी दीपेशला पाठवलं. शनवाऱ्यात त्याचं फ्लेक्स डिझाइनचं दुकान आहे, आणि माझं काम सुधारण्यात त्याला फार आनंद मिळतो. "ओ पत्रकवाली," तो म्हणाला, "ये चेहरा आहे का उशी? चारी बाजूंनी काळं, मधे उजेड. उजेड कुठून येतो ते ठरव आधी. आणि केस आहेत का झाडू? एकेक केस नको काढू यार. मोठे मोठे गुच्छ कर, तीन रंग बस, वरून थोडी चमक."

मी उजेड डावीकडून, वरून घेतला. उजव्या गालाखाली सावली टाकली. केसांना तीन तपकिरी रंग दिले आणि रुंद, वाहते गुच्छ काढले. आणि खरंच... चौकोनांमधून बाई बघायला लागली. आई मागून येऊन उभी राहिली, चित्र बघून परत स्वयंपाकघरात गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी फाइल उघडली. डाव्या कानामागे एक गुच्छ होता, जो मी काढलेला नव्हता. जाड, दोरखंडासारखा, खांद्यापर्यंत. आणि रंग चौथा — मळकट, राखाडी. माझ्या पॅलेटमध्ये तो नव्हताच.

फाइल दीपेशशी शेअर केलेली होती. म्हणजे हा त्याचाच चावटपणा. मी तो भाग पुसला, त्याचं शेअरिंग बंद केलं, पासवर्ड बदलला. गुच्छ परत आला. मग मी तो पुन्हा पुसला, फाइल पेनड्राइव्हवर घेतली, लॅपटॉपमधून उडवली, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये घेऊन शिकवणीला गेले. परत येऊन उघडली... गुच्छ तिथेच. वाईट हे, की त्याचं शेडिंग माझ्यापेक्षा चांगलं होतं. उजेड बरोबर डावीकडून, प्रत्येक पीळ वेगळा, मानेवर त्याची सावलीसुद्धा.

तडक दुकानात जाऊन मी दीपेशला गिऱ्हाइकांसमोर नको ते बोलले. एका मेलेल्या बाईची, तिच्या मुलीची थट्टा करतोस, म्हणाले. त्याने पेनड्राइव्ह लावून चित्र उघडलं.

"इतकं भारी शेडिंग मला आलं असतं," तो म्हणाला, "तर मी लोकांच्या बर्थडेचे फ्लेक्स करत बसलो असतो का? और तेरी पर्स में मैं घुसा था क्या?"

पर्सचं कोडं बाजूला ठेवलं, तर उरलं घर. पप्पांना माऊस धरता येत नाही. आईला येतो. शाळेच्या मार्कशीट ती लॅपटॉपवरच करते. आणि त्या दिवशी ती मागे उभी राहिली होती. मी लॅपटॉप सरळ ओट्यावर नेऊन ठेवला.

आईने गॅस बंद केला. "हे तुला कोणी सांगितलं?"

ती जट होती. लग्नानंतर मावशीच्या केसांत झाली, सासरी म्हणाले, देवीची आहे, कात्री लावायची नाही. मावशीची मान दुखायची. पप्पा दोनदा कापायला गेले, दोन्ही वेळा तिच्या सासऱ्याने दारातूनच परत पाठवलं. मावशी जटेसकट गेली. त्यानंतर पप्पांनी पहिलं पत्रक लिहिलं. इतकी वर्षं मी ती पत्रकं वाटली, पण त्यांच्या मागे कोण आहे ते मला माहीत नव्हतं.

आई म्हणाली, पुसून टाक, लग्नघर आहे, पोरीला हे दाखवू नको. मी म्हणाले, लपवायचं म्हणजे त्या सासऱ्याच्याच बाजूने उभं राहायचं. आमचं जोरात भांडण झालं. पप्पा "व्हायरस असेल" एवढं बोलून बाहेर गेले. शेवटी मी योगिताला बोलावलं आणि सगळं सांगितलं. आई दाराशी उभी होती.

योगिताने चित्र मोठं करून डावा कान बघितला. मग म्हणाली, "पुसू नको. काप."

मला कळलं नाही.

"पुसलं तर नव्हतीच असं होतं ना, ताई. काप. कापल्यावर केस जसे आखूड राहतात, तसे ठेव."

मी माऊस तिच्या हातात दिला. तिने कानाजवळून सुरुवात केली, एकेक चौकोन. चुकून मानेचाही रंग गेला, तो मी भरला. डाव्या कानामागे आखूड, वेडेवाकडे केस राहिले. आईने पुढे येऊन पडद्यावर त्या जागेला बोट लावलं आणि म्हणाली, "आता हलकं वाटत असेल तिला." माझी आई! मला ते वाक्य अजिबात आवडलं नाही.

ते चित्र योगिताच्या सासरी भिंतीवर आहे. माझ्याकडची फाइल मी अजूनही उघडते, कधीही, अचानक, चोर पकडायला जावं तशी. जट परत आलेली नाही.

तुम्ही म्हणाल, लहानपणी कधीतरी कानावर पडलं असेल, हातानेच काढलं असेल, विसरली असेल. मीही दुसऱ्याला हेच सांगितलं असतं. पण तो चौथा रंग मला अजून बनवता आलेला नाही. आणि मी इतक्या वेळा पुसलं तेव्हा न गेलेली गोष्ट तिने कापल्यावर का गेली? कोण पुसतं आणि कोण कापतं, हे फाइलला कळत नाही, यावर मी आजही ठाम आहे. संशय माझा सगळ्यांवर आहे — दीपेशवर, आईवर, स्वतःवरही. कोणाकडे उत्तर असेल तर द्या. पुराव्यासकट.