अंजिरांचे अंबाडे

पार्लरवाल्या मावशींना सगळी गल्लीच मावशी म्हणायची. सख्ख्या मावशी त्या एकट्या छकुलीच्या. पुढच्या खोलीत दोन खुर्च्यांचं पार्लर, मागच्या दारी वीतभर बाग, असा त्यांचा पसारा. हाताने मऊ, तोंडाने फटकळ. गिऱ्हाईक केस धुवायला मान मागे टाकून बसलं, की त्यांच्या बोटांखाली त्याला डुलकी लागायची आणि त्यांच्या बोलण्याने जाग यायची.

बागेत त्यांचा सगळा जीव अंजिरावर. कैक वर्षं नुसती पानं मिरवून यंदा ते झाड पहिल्यांदा भरभरून लागलं होतं, आणि यंदाच बुलबुलांना त्याचा पत्ता लागला. रोज सकाळी बघावं, तर पिकायला आलेलं फळ पोखरलेलं.

"एखादं आख्खं खा की मेल्यांनो! सगळ्यांना चोच लावून ठेवायची ही कुठली रीत?" मावशी झाडाखाली उभ्या राहून ओरडायच्या. त्यांनी जुन्या सीड्या टांगल्या, डबे बडवले. बुलबुल फांदी बदलायचे, एवढंच.

शेवटी त्यांनी धाकट्या भावाची छर्ऱ्यांची बंदूक आणली. भाऊ पूर्वी फुगे फोडायचा स्टॉल चालवायचा. स्टॉल बंद झाल्यापासून ती माळ्यावर पडून होती.

"अगं, हे कायद्यात बसतं का?" काकांनी विचारलं. काका म्हणजे मावशींचे यजमान. पाट्या रंगवणारे पेंटर, अगदी मवाळ माणूस.

"माझी बाग, माझं झाड. कायदा काय फांदीवर येऊन बसणारे?"

मावशींनी नेम धरला आणि छर्रा उडवला. दोरीवर वाळत घातलेल्या काकांच्या बनियनला भोक पडलं. बुलबुल जागचा हलला नाही. काकांनी बनियन काढलं, घडी घातली आणि ते आत गेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी छकुली मागच्या दारात उभी. पोलिसांत नुकतीच भरती झालेली. कडक इस्त्रीचा गणवेश, डोक्यावर टोपी.

"अगंबाई! ये, ये. चहा टाकते."

"मी आत्ता भाची म्हणून आलेले नाही." छकुलीने आवाज जाड केला. "तुमच्याविरुद्ध तक्रार आहे. बंदूक चालवता म्हणे."

"तुमच्याविरुद्ध? शाळेत जाताना तुझ्या वेण्या कोण घालायचं गं?"

छकुलीला हसू आवरेना, म्हणून तिने उगीचच टोपी नीट केली.

"तक्रार केली कोणी?"

"ते सांगता येत नाही."

"बरं, गुन्हा तरी सांग. माझ्याच बागेत उपद्रवी पाखरू मारलं, तर गुन्हा होतो?"

इथे छकुली अडकली. तिने चौकीवर फोन लावला. साहेब म्हणाले, वनखात्याला विचार. वनखात्यातल्या बाईंनी आधी पक्षी कुठला ते विचारलं.

"काळी शेंडी, शेपटीखाली लाल, आणि अट्टल चोर!" मावशी फोनवर ओरडल्या.

"म्हणजे बुलबुल. त्याला मारता येणार नाही. उपद्रवी कोण, हे घरमालकाने नाही ठरवायचं, बाई. ते सरकार ठरवतं. आणि पाखरू कुठलंही असो, वस्तीत बंदूक उडवायची नाही. छर्रा कुंपणापलीकडे गेला तर?"

पलीकडच्या अंगणात शेजारणीचं बाळ रांगत होतं. मावशींनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मग करू काय?" त्यांनी हळूच विचारलं.

"फळं झाका. बारीक जाळीने. मोठ्या भोकांची नको, पाखरांचे पाय अडकतात."

जाळी म्हटल्यावर मावशी तडक पार्लरमध्ये धावल्या आणि त्यांनी खालचा खण उपसला. अंबाड्याच्या जाळ्यांचं भरलेलं खोकं तसंच पडून होतं. हल्ली अंबाडा घालतं कोण?

छकुलीने टोपी नळावर अडकवली आणि ती शिडीवर चढली. काकांनी शिडी धरली. संध्याकाळपर्यंत हाताला येईल त्या प्रत्येक अंजिराला जाळी चढली. लांबून वाटावं, नटूनथटून बायकाच झाडावर जाऊन बसल्यात.

"आता त्या तक्रार करणाऱ्याला एकदा माझ्यासमोर आण," मावशी म्हणाल्या.

शिडी गदगदा हलली. वरून छकुली किंचाळली. मावशींनी काकांकडे पाहिलं. काका आपल्या चपलांकडे बघत होते.

"तुम्ही?"

"माझं ऐकलं नाहीस," काका पुटपुटले. "म्हटलं, गणवेशाचं तरी ऐकशील."

मावशी इतक्या हसल्या, की त्यांना पायरीवर बसावं लागलं. "लग्नानंतर पहिल्यांदा माझ्याविरुद्ध ब्र काढलात, आणि तोही थेट पोलिसांत!"

बंदूक भावाकडे परत गेली. गिऱ्हाइकं ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून झाड बघायला मागच्या दारी यायला लागली. अंजिरं पिकली तेव्हा छकुलीने गणवेशातच उभ्याउभ्या खाल्ली, शर्टावर डाग पाडून घेतला आणि मावशींची मनसोक्त बोलणी खाल्ली.

"पुढच्या वर्षी डाळिंब लावायचं," मावशी बोटं चाटत म्हणाल्या.

काकांनी नेहमीसारखी मान डोलावली नाही. "पेरू," ते म्हणाले.

"डाळिंब!"

"पेरू. आणि तोही या कोपऱ्यात."

त्या वीतभर जमिनीवरून दोघं दिवेलागणीपर्यंत भांडले. इतक्या आनंदाने भांडताना छकुलीने त्यांना कधी पाहिलं नव्हतं.