मोरीत ओतलेला गेरू

कुंड्यांसाठी आणलेला गेरू आज भिजवला, पण ओल्या मातीचा वास काही आला नाही. तासाभरानंतरही पाणी लालच. दुकानदाराने रंगवलेली भुकटी पुन्हा माझ्या गळ्यात मारली होती.

तीस वर्षांपूर्वी याच नाशिकच्या घरात पेठ तालुक्यातल्या सखूबाई भिंतीवर चित्रं काढायला आल्या होत्या, डोंगरातला गेरू घेऊन. नुकताच चित्रकला शिकून आलेला मी, त्यांचा आणि दुकानातला गेरू दोन पेल्यांत कालवून तपासायला बसलो. त्यांचा तळाला बसला आणि वर पाणी नितळ. "हा नकली आहे, रंगच सोडत नाही," म्हणत मी तो मोरीत ओतला. एवढी माझी अक्कल.

"माती हाय ती दादा, खालीच बसनार," एवढंच बोलून सखूबाईंनी दुकानातल्या गेरूने भिंत रंगवली.

वर्षभरात भिंत विटली. मोरीचा कोपरा मात्र घासून घासून हात दुखले, तरी अजून लाल आहे.