चिंचेच्या शेंड्यावरची आत्या

आमच्या गिरगावातल्या घरात पुढच्या खोलीची एक आख्खी भिंत पूर्वजांनी अडवलेली होती. पणजोबा पगडीत, आजोबा कोट-उपरण्यात, तिघे काका टोप्या घालून, गुडघ्यांवर हात ठेवून. कुणाच्याही चेहऱ्यावर हसू म्हणून नाही. भिंतीचा नियम एकच होता : माणूस गेल्याशिवाय त्याची तसबीर लागायची नाही. जिवंत माणसाला भिंतीवर टांगलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे पक्कं मानत. आजोबांचा लाडका कुत्रासुद्धा मेल्यावरच चौकटीत गेला होता.

आजोबांना फोटोचा भारी सोस. एकदा फोटोला बसले की डझनभर प्रती काढायच्या आणि नातेवाइकांत वाटायच्या. उरलेल्या प्रती एका पत्र्याच्या ट्रंकेत पडून होत्या. त्या ट्रंकेवर माझा डोळा होता. मी तेव्हा दादरच्या एका शाळेत चित्रकला शिकवत होते. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. आज हरताळ, उद्या मोर्चा, ट्राम बंद आणि शाळाही बंद. घरात बसून पापड लाटणं माझ्या स्वभावात नव्हतं. म्हणून मी कात्री उचलली.

माझा मामा हौशी फोटोग्राफर. माणसांचे फोटो काढायला त्याला आवडत नसे. माणसं हलतात आणि वर आपलं नाक असं का आलं म्हणून विचारतात, असं तो म्हणायचा. तो झाडं, तळी, पक्षी टिपत फिरे. मी त्याच्याकडून कमळाच्या तळ्याचा मोठा फोटो मागून घेतला, ट्रंकेतून पणजोबा काढले आणि त्यांना खुर्चीतून कापून थेट कमळात बसवलं. मधले काका अंगाने भारदस्त होते, त्यांना खंड्या पक्ष्यावर स्वार केलं. हे काम वाटतं तेवढं सोपं नाही, पण मला ते पहिल्या दिवसापासून जमलं. खोटा विनय कशाला? कापलेल्या कडा मागच्या बाजूने पॉलिशपेपरने घासून पातळ करायच्या, म्हणजे चिकटवल्यावर सावली पडत नाही. जुने फोटो तांबूस आणि मामाचे काळे-पांढरे, म्हणून मामाचे फोटो कडक चहाच्या पाण्यात बुडवून काढायचे. चिकटवायला मैद्याची खळ. मग मामा आमच्या मोरीच्या दाराखिडकीला गोधड्या लावून अंधार करायचा आणि सगळ्या जोडकामाचा पुन्हा फोटो काढून एकसंध प्रत करून द्यायचा.

कमळातले पणजोबा बघून आईला हसू आवरेना. वडील मात्र तापले. पितरांची टिंगल करायला तुला शाळेतून पगार मिळतो का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कमळात लक्ष्मी बसते, तिथे पणजोबांना बसवलं तर त्यांचा मानच झाला की. यावर त्यांनी ते चित्र उचलून आतल्या खोलीत नेऊन ठेवलं.

आत्याने ते चित्र खिडकीपाशी नेऊन बराच वेळ पाहिलं. आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. अकराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी परत आली, ती कायमचीच. साठी उलटली होती. पांढरं लुगडं, मोकळं कपाळ. रोज सकाळी देवासाठी फुलं तीच ओवायची. तिच्या हातचा हार सुरेख असे, पण त्यातलं एक फूल तिने कधी केसांत खोवलं नव्हतं. घरात फोटोवाला यायचा तेव्हा तिला स्वयंपाकघरात बसवत. त्यामुळे दर शनिवारी ती भिंत पुसणारी आत्या, पण तिचा स्वतःचा एकही फोटो कुठे नव्हता. तिच्या डोळ्यांत आता मोतीबिंदू उतरू लागला होता.

चित्र परत देत ती म्हणाली, "मलाही बसव कुठेतरी. पण भिंतीवर लाव. आणि मला दिसतंय तोवर लाव. मेल्यावर लावलंत तर मी कुठून बघणार?"

मी लगेच हो म्हटलं. बाबांचं काय, हा विचार मी नंतरसाठी ठेवला.

कुठे बसायचं हे तिचं ठरलेलंच होतं. वाडीत पूर्वी चिंचेचं झाड होतं. आत्या आणि तिचे तिघे मोठे भाऊ त्यावर चढायचे आणि शेंड्यापर्यंत फक्त आत्या जायची. लग्न झालं, वर्षात नवरा गेला, आणि झाडाला पाय लावायचा नाही असं तिला बजावण्यात आलं. पुढे तिथे चाळ उठली आणि चिंचही गेली. मामाने तशी चिंच शोधायला मुंबई पालथी घातली. अखेर रे रोडला लाकडांच्या वखारीजवळ त्याला एक ऐसपैस चिंच सापडली. बाकी सगळी झाडं तिथे आडवी, ही एवढी उभी.

काकांचे फोटो ट्रंकेत होते. पण तरुण आत्या आणायची कुठून? सगळे म्हणत, मी तिच्याच वळणावर गेले आहे. म्हणून मी नऊवारी नेसून मामासमोर बसायला तयार झाले. आत्याने मला उडवून लावलं.

"तुझं तोंड मला रोज दिसतं. मला माझं बघायचंय."

मग पंचविशीतले भाऊ आणि साठीची बहीण, असंच करायचं ठरलं. नेमकं हेच एखाद्या स्टुडिओवाल्याने केलं नसतं. तो वयं जुळवत बसला असता. माझ्याकडे पणजोबा कमळात मावत होते, मग वय कशाला आडवं येईल? मामाने आत्याला स्वयंपाकघरातल्या उंच टेबलावर बसवलं आणि स्वतः जमिनीवर आडवा होऊन कॅमेरा वर धरला. पाय अधांतरी लोंबकळले तशी आत्या खुदकन हसली. मामाने तेवढ्यात कळ दाबली. माणसांचा फोटो त्याला इतका चांगला पुन्हा कधीच साधला नाही.

थोरले काका मी बुंध्याजवळच्या फांदीवर बसवले, मधले जाड फांदीवर, कारण दुसरी त्यांना पेलली नसती. धाकटे त्यांच्याकडे पाठ करून. आत्या शेंड्यावर. तिला मी भावांपेक्षा जराशी मोठीच ठेवली. कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी मी ऐकणार नव्हते.

चौकट होऊन आली आणि वडील दारातच आडवे आले. घरात कुठेही ठेवा, त्या भिंतीवर नाही, म्हणाले. मी वाद घातला, हे झाडाचं चित्र आहे, झाडाला कसला नियम, वगैरे. ते ऐकेनात. एरवी ते रागावले की मला बळ चढतं. पण त्या दिवशी त्यांचा आवाज रागाचा नव्हता.

"त्या भिंतीवर गेलेलं कुणी परत आलेलं नाही," ते म्हणाले. "भावंडांतली ही एकच उरली आहे मला."

 यावर बोलली ती आत्या.

"रोज चौपाटीवर जाऊन घसा बसवून येतोस. मुंबईसकट सगळे एकत्र पाहिजेत म्हणतोस. आणि घरच्या भिंतीवर सख्खी बहीण नको?"

वडिलांचा घसा खरोखरच बसलेला होता. ते दारातून बाजूला झाले. मग स्वतःच हातोडी घेऊन आले. त्यांनी खिळा ठोकला तो थोडा वाकडा बसला. आत्या दुपारभर समोर पाट टाकून बसली होती. शेंड्यावरून वाडीचं फाटक दिसायचं आणि तिचे वडील, म्हणजे आमचे आजोबा, कामावरून आलेले सगळ्यांत आधी तिला कळायचे, असं तिने मला सांगितलं. एवढा आनंद मी तिच्या तोंडावर कधी पाहिला नव्हता, आणि तो मी आणला होता.

त्या वर्षी सर्वपित्री अमावास्येला माझी वहिनी घरात नवीन होती. आमच्याकडे त्या दिवशी सगळ्या तसबिरी पुसून त्यांना हार घालतात. हे काम आईने तिच्यावर सोपवलं. पानं वाढायच्या वेळी आम्ही बाहेर आलो, तर चिंचेच्या तसबिरीलाही झेंडूचा टपोरा हार. आईने तोंडावर हात ठेवला. वहिनी भेदरली. म्हणाली, झाडावर तीन चुलतसासरे बसलेत, त्यांना हार नको का? तिचं काही चुकलं नव्हतं. तिघांना हार घालून चौथीला वगळायचं कसं, हे माझ्यासकट कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं. जिवंत माणसाच्या फोटोला हार, आणि तोही सर्वपित्रीला. वडील पांढरेफटक पडले आणि हार काढायला धावले.

आत्याने त्यांचा हात धरला.

"राहू दे रे. अकरा वर्षांची होते, तेव्हापासून मला कुणी फूल घातलेलं नाही. आज घातलंय, ते काढू नकोस."

वडिलांचा हात तसाच वर राहिला. आई रडत होती आणि मीही रडले, त्यात लपवण्यासारखं काही नाही. मग वडिलांनी हार काढला नाही, पण घसरून खाली मधल्या काकांपर्यंत आला होता तो सरळ केला आणि वर ओढून घेतला.

आत्या त्यानंतर पुष्कळ वर्षं जगली. मोतीबिंदूने नजर अंधुक झाली, तरी बोटं चालायची. दर सर्वपित्रीला ती त्या तसबिरीचा हार स्वतः ओवायची. बाकी सगळ्यांना झेंडू, तिच्या झाडाला मात्र जुई, आणि तीही गजऱ्यासारखी गच्च. वडील स्टुलावर चढून तो हार घालायचे आणि शेंड्यापर्यंत पोचला ना, असं तिने खालून विचारल्याशिवाय उतरायचे नाहीत.